आखाजीच्या बारात बोललेलं

टेंभरूणच्या चुनीलाल पाटलाची बायको सिंधुबाई कशी आहे, असं गावात कुणी विचारलं असतं, तर सांगणाऱ्याला दोन वाक्यांवर तिसरं सुचलं नसतं. पहाटे उठते, सडा घालते, तुळशीला पाणी घालते, देवापुढं दिवा लावते आणि कामाला लागते. एकादशी चुकवत नाही. सासऱ्यांसमोर बोलते ते इतकं हळू, की म्हातारा पितांबर पाटील कधीकधी चिडून म्हणे, "सूनबाई, मन्हा कान गयात का तुन्ही जीभ गयी?" त्यावर ती डोक्यावरचा पदर आणखी दोन बोटं पुढं ओढी आणि गुपचूप ताक वाढी.

पण वर्षातून एक दिवस असा यायचा, की याच बाईचा आवाज गोमाई नदी ओलांडून पलीकडच्या सावखेडीच्या पहिल्या घरापर्यंत जायचा.

तो दिवस आखाजीचा. अक्षय्यतृतीयेला खानदेशात कुणी एवढं मोठं नाव घेत नाही, आखाजीच म्हणतात. सकाळी पितरांची घागर पुजायची, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरसाचं जेवण व्हायचं, माहेरी आलेल्या पोरी लिंबाला बांधलेल्या झोक्यांवर गाणी म्हणायच्या. ऊन कललं की डोक्यावर गौराई घेऊन सगळ्याजणी नदीवर जायच्या. वैशाखात नदीला पाणी कुठलं. इकडंतिकडं डबकी, बाकी वाळू आणि गोटे. अलीकडं टेंभरूणच्या बाया उभ्या राहायच्या, पलीकडं सावखेडीच्या, आणि बार सुरू व्हायचा.

बार म्हणजे दोन गावांच्या बायांची शिव्यांची लढाई. त्यांच्या पाटलाच्या टकलापासून यांच्या पुजाऱ्याच्या पोटापर्यंत सगळं निघायचं. सासूनं सुनेला काय म्हटलं, कुणाच्या भाकरी करपल्या, कोण बाजारात काय विसरून आला, वर्षभरात शेजारच्या गावात जे जे घडलं ते सगळं यमक जुळवून तोंडावर फेकायचं. पुरुषांनी त्या वेळी नदीकडं फिरकायचं नाही. आणि बारात बोललेलं कुणी घरी न्यायचं नाही, असा नियम. दिवस बुडाला की दोन्हीकडच्या बाया पदरानं घाम पुसत हसत परत फिरायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली कुणी बाजारात भेटली तर विचारायची, "घसा बसना का वं तुन्हा?"

टेंभरूणच्या बाजूनं पुढं सिंधुबाई असायची. लग्न होऊन आली त्या वर्षी मागं उभी राहून तिनं एक ओळ टाकली आणि बाया वळून बघायला लागल्या. तिसऱ्या वर्षापासून तिला पुढं ढकलूनच देत. वर्षभर पदराखाली मुकं राहिलेलं सगळं त्या दोन घटकांत बाहेर पडायचं. घरी परतताना ती हलकी व्हायची. सासऱ्यांना ताक वाढताना आवाज पुन्हा तसाच खाली, फक्त ओठांच्या कडेला थोडं हसू.

पलीकडच्या बाजूची पुढारीण अनुसयाबाई. अंगानं भरलेली, आवाज घंटेसारखा. दोघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या तोंडाला तोंड देत होत्या, आणि तरी एकमेकींच्या घरी कधी गेल्या नव्हत्या.

आता शिव्या द्यायला बातमी लागते. ती दोन्ही गावांना पुरवायची जन्नतबी मण्यारीण. ती म्हसावदची. नवरा गेल्यावर बांगड्यांची टोपली तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतली होती. आठवड्यातून एकदा टेंभरूण, एकदा सावखेडी, मधल्या दिवसांत आणखी दोन-चार गावं. बाईचा हात हातात घेऊन, बोटं दाबून मऊ करत, बांगडी चढवता चढवता ती इकडची बातमी तिकडं सांगायची. चुनीलालनं सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेतला तेव्हा त्याच्या एकाच बाजूला उभं राहून सौदा केला, आणि घरी आल्यावर दिसलं की पलीकडचा डोळा पांढरा आहे, ही गोष्ट सावखेडीला तिनंच नेली होती. सिंधुबाईला ते ठाऊक होतं. त्यात राग नव्हता. हसण्यासारखी गोष्ट जन्नतबी सगळीकडं वाटायची. झाकण्यासारखी असेल ती मात्र टोपलीच्या तळाशी राहायची. कोणत्या घरात किती अंधार आहे हे त्या बाईला माहीत होतं, पण तिच्या तोंडून ते कुणी ऐकलं नव्हतं.

एकदा सोडून. ते साल एकोणीसशे छत्तीस.

आखाजीला पंधरा-वीस दिवस होते. जन्नतबी दुपारची आली, ओसरीवर टोपली उतरवली, पण बांगड्यांच्या माळा सोडल्या नाहीत. इकडंतिकडं बघून म्हणाली, "सिंधूबेन, तुमनी माय अंगवरना पांढरा डागले औषध देत व्हती ना?"

सिंधुबाईचं माहेर विसरवाडीचं. तिची आई कोडावर बावचीचं बी उगाळून द्यायची, आणि ते कसं लावायचं, उन्हात किती वेळ बसायचं, हे सिंधुबाईला पाठ होतं.

"देत व्हती. कोनले पाहिजे?"

"शे एक पोर."

"कोनी पोर?"

"नाव नका इचारू. तिनी मायनी हात जोडेल शेत माले."

इथं सिंधुबाईनं बी आणून द्यायला हवं होतं. आत शिंकाळ्यावरच्या डब्यात ते होतंच. पण तिचं कुतूहल जागं झालं. ती म्हणाली, "नाव नको त नको. पन औषध मानूस दखीसन देवो लागस. कोवळी पोर राहिनी त येगळं, मोठी बाई राहिनी त येगळं. उलटं पडनं त मंग?"

हे खरं नव्हतं. सगळ्यांना एकच औषध. सिंधुबाईनं ते नाव काढून घेण्यासाठी म्हटलं.

जन्नतबी टोपलीजवळून सरकून पुढं आली. मग अगदी हळू म्हणाली, "अनुसयाबाईनी मंगला. सोळावं सरनं. कोपराना वर, आतली बाजूले. लगीनना चुडानं माप लेवाले बाही वर कयी, तव्हय दखायनं माले. आवळाइतला डाग शे. आखाजीनंतर लगीन शे तिनं, म्हसावदमाच."

सिंधुबाईनं बी चिंधीत बांधून दिलं, कसं लावायचं ते दोनदा सांगितलं. मनापासून सांगितलं. पोर बरी होवो असं देवापुढंही म्हणाली. जाताना जन्नतबी म्हणाली, "कोनी इचारं त धडगावकडना वैदूनी दिधं, अस सांगसू. तुमनं नाव नही येवाव कथीच."

आणि खरंच, तिनं सिंधुबाईचं नाव कुठंच येऊ दिलं नाही.

आखाजी आली. त्या वर्षी दोन्ही गावांत माहेरवाशिणी भरपूर आल्या होत्या. नदीचे दोन्ही काठ लुगड्यांनी रंगून गेले. बार जोरात लागला. पहिल्यांदा टेंभरूणची सरशी होती. मग अनुसयाबाईनं कमरेवर हात ठेवला, सगळ्या बायांना गप्प केलं आणि घोडा काढला.

"टेंभरूणना चुनीलाल घोडावर बठना," ती सावकाश, ऐकू जाईल असं म्हणाली, "एक डोयाना घोडा, त्यावर दोन डोयासना आंधया."

पलीकडचा काठ तर हसलाच, अलीकडच्या बायाही हसल्या. सिंधुबाईच्या शेजारी उभी असलेली तिची जाऊ तोंडात पदर कोंबून वाळूत बसली. सिंधुबाईलाही हसू आलं होतं. हे पुढं तिला पुन्हा पुन्हा आठवायचं. तिला लागलं नव्हतं, राग आला नव्हता. तिला फक्त उत्तर सुचत नव्हतं. पलीकडून आवाज येत होता, "बोल ना वं, जीभ कोठे गयी?" आणि मागून आपल्याच बाया ढोसत होत्या, "सिंधू, बोल, बोल काहीतरी."

तिनं तोंड उघडलं आणि जे जवळ होतं तेच बाहेर आलं.

"आमना घोडाले एक डोया नही, पन त्यानी तो लपाडेल नही. तुन्ही मंगलानी बाहीखाल काय लपाडेल शे, ते दखाड."

यमक नव्हतं, पण ओळ बसली. अलीकडच्या बाया ओरडल्या, टाळ्या पिटल्या. त्यांना काय बोललं गेलं ते कळलंही नव्हतं. पलीकडं मात्र कुणी हसलं नाही. अनुसयाबाईचे हात कमरेवरून खाली आले. तिच्या मागं गौराईची टोपली धरून मंगला उभी होती. तिनं उजवा हात डाव्या कोपरावर नेला आणि तसाच धरून ठेवला. मग त्या काठावरच्या सगळ्याजणींची नजर त्या हाताकडं गेली.

अनुसयाबाई पोरीला घेऊन चढण चढून गेली. बार मोडला. टेंभरूणच्या बाया जिंकल्या म्हणून गाणी म्हणत घरी आल्या. सिंधुबाई त्यांच्यामध्ये चालत होती आणि पुन्हा पुन्हा मागं, पलीकडच्या चढणीकडं बघत होती.

बारातलं घरी न्यायचं नाही हा नियम काठावर उभ्या असलेल्या बायांसाठी. माहेरवाशिणींना कोण अडवणार? चार दिवसांनी त्या आपापल्या सासरी गेल्या, शहाद्याकडं, तापीकाठच्या गावांना, म्हसावदला, आणि त्यांच्याबरोबर तो शब्दही गेला. आठव्या दिवशी मंगलाच्या होणाऱ्या सासरकडून तीन बाया आल्या. पोरीचा हात बघायचा म्हणाल्या. बघितला आणि पाणीसुद्धा न पिता उठल्या. दोन दिवसांनी मध्यस्थाच्या हाती सोयरिकीचा नारळ परत आला.

हे सिंधुबाईला कळलं ते जन्नतबीकडून नाही. जन्नतबी आलीच नव्हती. ती आली ज्येष्ठ लागल्यावर, तेही टोपली न घेता. दारात उभी राहिली, ओसरीवर चढली नाही.

"सावखेडीमा माले कोनी दारमा उभं नही करत," ती म्हणाली. "हात दखेल मी एकलीनी, म्हनून मीच सांगं व्हई, अस सांगतस. आते बाकीना गावमाबी तेच चाली ऱ्हायनं. पोर दखाडाले नको तिले, डोया फाडीसन दखस आनि गावभर सांगस, म्हनतस."

सिंधुबाई खांबाला धरून उभी होती.

"मी दुसरा कोनलेच सांगेल नव्हतं, सिंधूबेन," जन्नतबी म्हणाली. "तुमलेच सांगं व्हतं."

तिच्या आवाजात राग नव्हता. हिशेब तपासून पाहावा आणि आपलं कुठं चुकलं ते सापडावं, तशी ती बोलली. मग आली तशी निघून गेली.

त्या दिवसापासून सिंधुबाईला देवघरात बसवेना. दिवा लावायची, हात जोडायची आणि उठायची. जप सुरू केला की तिसऱ्या-चौथ्या मण्याला तोच हात दिसायचा, डाव्या कोपरावर गेलेला. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बारनं बोलनं ते. मन्हा घोडावर त्या इतल्या हासन्यात, मी काय जीव दिधा का?" त्याचं बरोबर होतं. त्याच्या घोड्यावर हसून झालं की घोडा घोडाच राहत होता. गावात तर बाया तिला उलट शाबासकी देत होत्या. "अनुसयानी बोलती बंद कयी तू," जाऊ म्हणायची. ती शाबासकी ऐकताना सिंधुबाईला वाटायचं, आपण भर बाजारात लुगडं सुटलेल्या बाईसारखं उभं आहोत आणि लोकांना ते दिसतच नाही.

जायला हवं, हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. एकदा पापडाचं काम निघालं, एकदा सासऱ्यांना ताप आला, एकदा नुसतंच नदीपर्यंत जाऊन ती परत आली. शेवटी एका सकाळी कुणाला न सांगता तिनं नदी ओलांडली.

अनुसयाबाईच्या अंगणात बिबड्यांचं काम चाललं होतं. आठ-दहा बाया बाजांवर ज्वारीचे पापड घालत होत्या. सिंधुबाई फाटकात दिसली आणि सगळ्यांचे हात थांबले.

"ये वं, टेंभरूणनी वाघीन," अनुसयाबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "आज कोनती पोर बाकी ऱ्हायनी?"

कुणी हसलं नाही.

सिंधुबाई वाटभर मनात जुळवत आली होती ते असं, की जन्नतबीनं औषधासाठी सांगितलं, मीच खोदून विचारलं, आणि मीच जीभ सैल सोडली. पण त्या बायांची तोंडं बघितली आणि तिच्या लक्षात आलं, की यातलं पहिलंच वाक्य ऐकून सगळ्या थांबतील. सांगितलं ना मण्यारणीनं, मग झालं. कशासाठी, कुणी काढून घेतलं, हे कोण ऐकत बसणार. खरं बोलून आपण मोकळ्या होऊ आणि जन्नतबीच्या तोंडावर दार कायमचं बंद होईल.

"मी सांगाले उनू," ती म्हणाली. "जन्नतबीनी माले काहीच सांगेल नही. मी सोता दखं व्हतं. चैतमा. तुन्ही मंगला डोहवर गोधड्या धुई ऱ्हायंती, बाही वर करेल. मी हाई काठवर व्हतू."

"मंगला?" अनुसयाबाई उठून उभी राहिली. "डाग दखायना तव्हयपाईन मी तिले नदीवर धाडेलच नही. घरमाच न्हास ती. खोटं बोलाले बी अक्कल लागस."

"दखं मी."

"लाव हात तुळशीले."

अंगणाच्या मध्यावर तुळस होती. सकाळचं हळदकुंकू अजून ओलं होतं. सिंधुबाईनं आयुष्यात कधी तुळशीची खोटी शपथ घेतली नव्हती, दुसऱ्या कुणी घेतली तरी तिच्या अंगावर काटा यायचा. ती पुढं गेली, वृंदावनावर तळहात ठेवला आणि म्हणाली, "मी सोता दखं."

अनुसयाबाई मान हलवत राहिली. तिला ते पटलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात घराच्या दारातून मंगला म्हणाली, "गयथू मी, माय."

सगळ्या वळल्या. पोर उंबऱ्यातच उभी होती. वाळली होती. बाही मनगटापर्यंत लांब.

"तू मामाकडे गयथी, तव्हय गयथू. गोधड्या घाण व्हयेल व्हत्यात. तू रागवशी म्हनून सांगं नही."

अनुसयाबाईनं लेकीकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग खाली बसली आणि पिठात हात घातला. बाजेपाशी बसलेली एक म्हातारी पुटपुटली, "मंग ती मण्यारीनले आपन उगाच..." दुसरी म्हणाली, "नदीपारनं दखस आनि बार व्हस तोवर पोटमा ठेवस. कसं मानूस म्हनावं हाईले?" सिंधुबाई मान खाली घालून ऐकत राहिली. ऐकायलाच आली होती. तिला कुणी बस म्हटलं नाही, पाणी दिलं नाही. थोड्या वेळानं ती निघाली.

नदीच्या उतारावर मागून पावलं वाजली. मंगला होती, धापा टाकत आलेली.

सिंधुबाई वळून थांबली. ती काही म्हणणार, एवढ्यात पोर म्हणाली, "मावशी, मी जन्नतबीसाठे खोटं बोलनू. तुमन्हासाठे नही."

"माहीत शे, बेटा."

"तिनी माले औषध आनीसन दिधं व्हतं. दर खेपले इचारे, कमी व्हयना का, म्हने." तिनं एकदा सिंधुबाईच्या पायांकडं पाहिलं, वर पाहिलं नाही. "तुमले ते कोनी सांगं, ते माले समजस. मायले नही समजाव."

एवढं बोलून ती परत चढण चढली. सिंधुबाई डबक्याकाठी उभी राहिली. ते औषध माझं होतं, असं सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. हाक मारली असती तर पोर थांबलीही असती. तिनं हाक मारली नाही. त्या पोरीकडून एवढंसं पुण्यही मागून घ्यायची तिला लाज वाटली.

आषाढात सावखेडीच्या एका घरानं जन्नतबीला दारात बोलावलं, मग दुसऱ्यानं. श्रावणातल्या मंगळागौरीपर्यंत ती पुन्हा सगळ्या गावांतून फिरू लागली. टेंभरूणलाही ठरल्या दिवशी यायची. सिंधुबाईचं नाव मात्र दोन्ही काठांवर पसरलं. नदीपलीकडून पोरींच्या अंगावर नजर ठेवणारी बाई. टेंभरूणच्या बाया आधी तिची बाजू घेत, पुढं त्याही घाटावर ती आली की आपल्या लेकींना हळूच हाक मारून घेत. ती कधी काही म्हणाली नाही. सकाळी तुळशीला पाणी घालायची ते आता थोडं लांबूनच.

दोन वर्षांनी मंगलाचं लग्न झालं, नवापूरच्या बाजूला, बिजवराशी. माणूस चांगला आहे असं कळलं. डाग वाढला का कमी झाला, ते कळलं नाही.

कळणार कुणाकडून? जन्नतबी पहिल्यासारखीच ओसरीवर बसायची. सिंधुबाईचा हात हातात घ्यायची, बोटं जवळ करून दाबायची, एकेक बांगडी अलगद चढवायची. एकही फुटू द्यायची नाही. घरात इतर बाया असल्या तर त्यांना इकडच्या तिकडच्या गोष्टी सांगून हसवायची. त्यांची पाळी संपून सिंधुबाईची आली की ती गप्प व्हायची.

एकदा दोघीच होत्या. सिंधुबाईनं धीर करून विचारलं, "काय खबर शे, जन्नतबी? सावखेडीना लोके कसा शेत?"

जन्नतबीनं बांगडी मनगटावर नीट बसवली, हात उलटा करून पाहिला.

"पानी चांगला पडी ऱ्हायना सगळीकडे," ती म्हणाली. "दुसरा हात द्या."

सिंधुबाईनं दुसरा हात पुढं केला.